पत्रिका की नाणेफेक?

मूल हुशार निघणार की नाही, हे त्याच्या जन्मपत्रिकेत लिहिलेले असते, असे अनेक घरांत मानले जाते. दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची, हे ठरवतानाही पत्रिका बाहेर निघते. या समजुतीत तथ्य किती? त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा विज्ञानाच्या पायऱ्यांनी जाणे बरे. २००८ साली पुण्यात हेच केले गेले. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली.

पहिली पायरी, नेमका प्रश्न. ‘ज्योतिष खरे आहे का?’ हा प्रश्न फार मोघम. ‘पत्रिका पाहून मूल हुशार आहे की मतिमंद, हे सांगता येते का?’ हा मात्र तपासता येतो.

दुसरी पायरी, कसोटी आधी ठरवणे. डोळे मिटून उत्तरे दिली तरी नाणेफेकीप्रमाणे साधारण निम्मी बरोबर येतात. म्हणून ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर आली तरच दावा मानायचा, असे ठरले.

तिसरी पायरी, प्रयोग. शाळांमधून १०० हुशार व १०० मतिमंद मुलांचे जन्मतपशील घेऊन पत्रिका तयार केल्या. त्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची, हे ज्योतिषांना ठाऊक नव्हते आणि प्रयोग करणाऱ्यांनाही नव्हते. त्यामुळे नकळत इशारा मिळण्याची शक्यताच उरली नाही.

चौथी पायरी, मोजणी. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. सरासरी १७.२५, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही कमी! एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

पाचवी पायरी, पुराव्याइतकाच निष्कर्ष. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी ओळखता येते, हा दावा या चाचणीत टिकला नाही, एवढेच म्हणायचे. मग तो निकाल सर्वांपुढे ठेवायचा, म्हणजे दुसऱ्यांना त्यातली चूक शोधता येते. हा निकाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

डॉ. दाभोलकरांची २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाली. डॉ. नारळीकर २०२५ मध्ये गेले. त्यांनी दाखवलेली वाट मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला चालता येते. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. वही, पेन्सिल आणि स्वतःचा अंदाज चुकला तर तो मान्य करण्याची तयारी पुरते.

मतिमंद मुलाच्या आईला ‘ग्रहच तसे होते’ असे ऐकवणाऱ्यांनी तर हे आकडे जरूर वाचावेत. दोनशे मुलांच्या पत्रिकांत त्या ग्रहांनी हा फरक दाखवलाच नव्हता.