चुंबकाचे पोलाद आणि निविदेची रीत

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने 2025 च्या मार्चमध्ये एका नव्या कण-त्वरक यंत्राच्या व्यवहार्यतेचा अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे 91 किलोमीटर घेराच्या बोगद्यात ते बसवावे, अशी योजना असून निर्णय 2028 च्या सुमारास अपेक्षित आहे. मंजुरी मिळालीच तर चुंबकांच्या पोलादाची मोठी खरेदी निघेल. तीत भारतीय कारखान्यांना स्थान मिळेल काय, हा प्रश्न आजच विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पोलाद ते पोलाद, त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. सर्नच्या 27 किलोमीटर घेराच्या सध्याच्या यंत्रात त्याचे उत्तर आहे. तेथे प्रोटॉनांना वळविणारे 1232 मुख्य चुंबक आहेत. प्रत्येक सुमारे 15 मीटर लांब व 35 टन वजनाचा. यंत्राचे आठ भाग असून प्रत्येक भागातील 154 चुंबकांतून एकच वीजप्रवाह ओळीने वाहतो. एखाद्या चुंबकाचे पोलाद निराळे निघाले, तर त्याच्यापुरता प्रवाह कमीअधिक करता येत नाही. म्हणूनच पोलाद नुसते चांगले असून भागत नाही. पहिल्या पत्र्यापासून अखेरच्या पत्र्यापर्यंत ते एकसारखे असावे लागते.

शिवाय एकाच चुंबकात दोन परस्परविरुद्ध गुणांचे पोलाद लागते. बाहेरच्या भागासाठी चुंबकत्व सहज घेणारे, अत्यल्प कार्बनचे. तर आतली वेटोळी आवळून धरण्यासाठी उणे 271 अंशांवरही चुंबकत्व न घेणारे आणि मजबूत राहणारे. पहिले सुमारे 50,000 टन बेल्जियमच्या कॉकरिल सांब्रने, तर दुसरे सुमारे 11,000 टन जपानच्या निप्पॉन स्टीलने पुरविले. चुंबक जोडण्याचे काम युरोपातील तीन कंत्राटदारांकडे होते. परंतु पोलाद सर्नने स्वतः विकत घेऊन त्यांच्या हवाली केले. तिघांनी तीन ठिकाणांहून माल आणला असता तर एकसारखेपणा कोठून राहता?

आपल्याकडे कौशल्याची वाण नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली याच यंत्रासाठी हजाराहून अधिक लहान सुधारक चुंबक भारतात तयार झाले. 2017 साली भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाल्यामुळे आपल्या कारखान्यांना तेथील निविदाही भरता येतात. उणीव आहे ती खरेदीच्या दृष्टीत. कमीत कमी दराकडे पाहण्याची सरकारी सवय अजून सुटलेली नाही. 2025 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने संशोधन संस्थांसाठी नियम सैल केले आणि 200 कोटी रुपयांपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार संस्थाप्रमुखांना दिला. हे स्वागतार्ह आहे. पण परदेशातून माल आणणे सोपे झाले, म्हणून देशातल्या भट्टीत तसे पोलाद तयार होत नाही.

थोडक्या टनांच्या मागणीसाठी कोणताही मोठा कारखाना आपली भट्टी अडवून ठेवणार नाही. यास्तव अणुऊर्जा विभागाने आपल्या सर्व प्रयोगशाळांची गरज एकत्र करून काही वर्षांची हमी द्यावी आणि चाचणीचे निकष आधीच कारखान्यांच्या हाती ठेवावेत, असे आमचे मत आहे. यात सुरुवातीला पैसा अधिक जाईल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु निविदा निघाल्यावर भट्टी पेटवू म्हणणाऱ्याच्या हाती, पूर्वीप्रमाणेच, दुसऱ्याच्या पोलादाला आकार देण्याचे कामच तेवढे उरेल.