सावधगिरी कोठे आणि ढिलाई कोठे?

सन 2021 च्या मार्च महिन्यात राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने एक आदेश काढला. करोनाची लस, मग ती कोणतीही असो, टोचून घेतल्यावर शेवटच्या मात्रेनंतर 28 दिवस रक्तदान करता येणार नाही, असा तो आदेश. दुसरी मात्रा 28 दिवसांनी घेणारा मनुष्य याचा अर्थ 56 दिवस रक्तपेढीला पारखा होणार! पुढे 1 मेपासून 18 ते 44 वर्षांच्या नागरिकांना लस खुली झाली. रक्तदात्यांची मुख्य फळी नेमकी याच वयाची. त्यात उन्हाळा, महाविद्यालये बंद, कचेऱ्या ओस, शिबिरे ठप्प. 'आधी रक्तदान, मग लस' अशी आवाहने गावोगाव करावी लागली. अखेर 5 मे रोजी परिषदेने ही मुदत 14 दिवसांवर आणली.

मूळ मुदतीला शास्त्राचा आधार कितपत होता? गोवराच्या लशीसारख्या लशीत जिवंत, पण क्षीण केलेला विषाणू असतो. तेथे चार आठवडे थांबणे योग्यच. परंतु कोव्हॅक्सिनमधील विषाणू मारलेला होता आणि कोव्हिशील्डमधील वाहक विषाणूची शरीरात वाढ होऊ शकत नव्हती. रक्त घेणाऱ्याला अशा लशीपासून धोका संभवत नाही. अमेरिकेत तर अशा लशींनंतर थांबण्याची अटच नव्हती. लस नवी होती, तेव्हा शासनाने हात राखून वागावे हे समजण्यासारखे आहे. मात्र त्यामागचे कारण लोकांना सांगणे हेही शासनाचेच काम होते. ते न सांगितल्याने 'लशीने रक्त बिघडते' या भाकडकथेला आयतेच बळ मिळाले.

खरा आक्षेप याहून पुढचा आहे. जेथे सावधगिरीला खर्च येत नाही तेथे ती भरपूर दाखवायची, आणि जेथे पैसा व यंत्रणा लागते तेथे डोळेझाक करायची, ही या क्षेत्रातील जुनी रीत होय. सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर जानेवारी 1996 मध्ये निकाल देऊन रक्तविक्रीचा धंदा मोडून काढण्यास फर्मावले. त्याच निकालातून राष्ट्रीय परिषद आणि राज्य परिषदा जन्माला आल्या, आणि 1 जानेवारी 1998 पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. कागदोपत्री धंदा संपला. पण रुग्णाच्या नातेवाइकाला 'दोन बाटल्यांचा दाता घेऊन या' असे सांगण्याची प्रथा संपली काय? रात्री-अपरात्री परक्या शहरात सापडलेला खेडूत दाता कोठून आणणार? त्याच्या अगतिकतेतूनच बाहेरचा विकाऊ दाता 'मावसभाऊ' होऊन आत येतो. जो खरोखरीचा नातेवाईक असतो, तोही रक्त द्यायचेच म्हणून आपला आजार आणि आपले वर्तन प्रश्नपत्रिकेत दडवतो. स्वेच्छेने आलेल्याला मागे फिरण्याची मोकळीक असते. आणलेल्याला ती नसते.

तपासण्या होतात, हे खरे. एचआयव्हीची तपासणी 1989 पासून आणि 'क' काविळीची 2001 पासून सक्तीची झाली. 'ब' कावीळ, उपदंश व हिवताप यांच्याही चाचण्या होतात. परंतु संसर्ग झाल्यावर काही दिवस नेहमीच्या चाचणीत तो दिसतच नाही. विषाणूचे जनुकीय द्रव्यच हुडकणारी 'नॅट' चाचणी हा काळ पुष्कळ कमी करते. सन 2025 पर्यंत तरी ती देशातील प्रत्येक रक्तपेढीला सक्तीची झालेली नव्हती, कारण खर्च. सन 2011 मध्ये गुजरातेतील जुनागढ येथे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या वीसहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. सन 2025 मध्ये झारखंडातील चाईबासा येथून तशीच वार्ता आली. दोन्हींच्या मध्ये चौदा वर्षे गेली.

(महाराष्ट्रात रक्तदानाचा उत्साह उदंड आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिबिरे भरतात, दात्यांना पिशव्या, डबे, क्वचित हेल्मेटेही वाटली जातात. भेटवस्तूच्या आशेने येणाऱ्याला स्वेच्छादाता म्हणावे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिवाय लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. एकाच दिवशी लोटलेला पूर मे महिन्यात कामी येत नाही.)

लसीकरण आणि रक्तसुरक्षा यांचा खरा सांधा 'ब' काविळीच्या लशीत आहे. जन्मल्यापासून 24 तासांत अर्भकाला ही लस दिली, तर उद्याचा दाता आणि उद्याचा रुग्ण दोघेही त्या रोगापुरते सुरक्षित होतात. एचआयव्ही आणि 'क' कावीळ यांवर मात्र लस नाही. तेथे दात्याचा खरेपणा आणि प्रयोगशाळेची नजर एवढ्या दोनच भिंती उभ्या आहेत. प्रत्येक लहान रक्तपेढीला महागडे यंत्र परवडणार नाही, ही सबब खरी धरली, तरी चार-पाच जिल्ह्यांमिळून एक 'नॅट' प्रयोगशाळा उभारून नमुने रोज तेथे पाठविण्याची व्यवस्था अशक्य नाही. अठ्ठावीस दिवसांचा आदेश काढणाऱ्या परिषदेने या व्यवस्थेची तारीख आता जाहीर करावी, आणि तिचा खर्च केंद्र किती व राज्य किती सोसणार, हेही त्याच कागदावर लिहावे.