विश्लेषण : परसातील पक्ष्यांसाठी नवा कॅमेरा हवाच का? कपाटातला जुना डीएसएलआर अजूनही पुरेसा का ठरतो?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले डीएसएलआर आज अनेक घरांत बॅगेतच पडून आहेत. पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हटले की नव्या मिररलेस कॅमेऱ्याचा आणि लाखाच्या लेन्सचा विषय निघतो. पनवेलजवळच्या शिरढोणसारख्या गावात, जिथे पक्षी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर येऊन बसतो, तिथे हा खर्च गरजेचा आहे का? गणित मांडले तर उत्तर ‘नाही’ असे येते. आणि हे गणित आताच मांडण्याला एक कारण आहे.

शिरढोणच का?

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की पळस्पे फाट्यानंतर शिरढोण येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ मध्ये याच गावात झाला. याच रस्त्याने आणखी काही किलोमीटर गेले की कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. १९६८ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २००३ मधील विस्तारानंतर १२.११ चौरस किलोमीटर झाले. मोठ्या लेन्सवाले छायाचित्रकार शिरढोण मागे टाकून कर्नाळ्याला जातात.

पक्ष्यांना मात्र अभयारण्याची हद्द कळत नाही. या पट्ट्यातील गावांत घरामागे आंबा, शेवगा, जास्वंद, केळी आणि एखादे उंबराचे झाड असते. दयाळ, शिंपी, शिंजीर, बुलबुल, तांबट, नाचण, सातभाई, भारद्वाज, खंड्या हे तिथले नेहमीचे पाहुणे. हिवाळ्यात त्यांत हळद्या, धोबी आणि छोट्या वटवट्यांची भर पडते. यातला बहुतेक कोणताही पक्षी पाहायला तिकीट काढावे लागत नाही.

चार मीटरचे गणित काय सांगते?

पक्ष्याच्या फोटोत पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नसतो. पक्षी चौकटीत किती मोठा दिसतो, हा असतो. ते ठरते तीन गोष्टींवर : पक्षी किती अंतरावर आहे, लेन्स किती मिलीमीटरची आहे आणि सेन्सर किती रुंद आहे.

शिंजीर हा साधारण १० सेंटिमीटर लांबीचा पक्षी. तो खिडकीपासून चार मीटरवरच्या जास्वंदीवर बसला आहे, असे धरू. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात या अंतरावर जवळपास सहा मीटर रुंदीचे दृश्य मावते. म्हणजे शिंजीर चौकटीचा साठावा हिस्सा व्यापतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्याच्या वाट्याला येतात जेमतेम ६५ ते ७० पिक्सेल. ‘झूम’ केल्यावर पक्ष्याऐवजी निळसर डाग दिसतो, तो यामुळेच.

आता २०१० मधला कॅनन ५५०डी घ्या. १८ मेगापिक्सेलचा हा कॅमेरा आणि त्या काळी अनेकांनी जोडीने घेतलेली ५५-२५० मिमीची साधी लेन्स. त्याच चार मीटरवर २५० मिमीला चौकटीत मावते अवघी ३६ सेंटिमीटरची रुंदी. शिंजिराला मिळतात सुमारे १४५० पिक्सेल. २००८ च्या निकॉन डी९० वर २०० मिमीची लेन्स लावली तरी तो आकडा ९०० च्या आसपास राहतो.

हा फोटो पाहिला जातो कुठे, हेही लक्षात घ्यायला हवे. बहुतेक स्मार्टफोनच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास असते. म्हणजे १५ वर्षे जुन्या कॅमेऱ्यातला एकटा शिंजीरच अख्खा पडदा भरून टाकू शकतो. पाचपट टेलिफोटो लेन्स असलेले महागडे फोन याच अंतरावर तीनशे-साडेतीनशे पिक्सेलपर्यंत पोहोचतात. ओळख पटवायला तेवढे चालते, पण पिसांचा पोत दिसत नाही.

हेच गणित दुसऱ्या बाजूनेही वाचावे. पक्षी चारऐवजी २० मीटरवर गेला की त्याच ५५०डी वर त्याला फक्त २९० पिक्सेल उरतात. अंतर पाचपट वाढले की तपशील पाचपट घटतो. लाखाची लेन्स हे अंतर पैशाने कमी करते. परसात ते फुकट कमी झालेले असते.

मग नवे कॅमेरे चांगले नाहीत का?

चांगलेच आहेत. मिररलेस कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतो, आवाज न करता फोटो काढतो आणि अंधारात जुन्या सेन्सरपेक्षा स्वच्छ चित्र देतो. उद्योगाची दिशाही स्पष्ट आहे. कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे दोन्ही २०२० मध्ये आले आणि त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी सर्वात वरच्या श्रेणीत नवा डीएसएलआर आणलेला नाही.

पण या सोयींचा खरा फायदा कुठे होतो? उडत्या पक्ष्यांमागे आणि गर्द जंगलात. कर्नाळ्याच्या दाट सावलीत एफ ५.६ च्या लेन्सने १/२५० सेकंदाचा वेग मिळवायलाही आयएसओ ३२०० च्या घरात जावे लागते. तिथे जुना सेन्सर रवाळ, फिकट चित्र देतो. परसात सकाळच्या कोवळ्या उन्हात तीच लेन्स आयएसओ ४०० वर १/१००० सेकंदाच्या आसपास वेग देते. या आयएसओला जुन्या-नव्या कॅमेऱ्यातला फरक फोनच्या पडद्यावर ओळखणे अवघड आहे.

त्यामुळे ज्याला घारीची झेप टिपायची आहे, त्याने नवा कॅमेरा जरूर घ्यावा. दयाळ, बुलबुल आणि तांबटासाठी मात्र आधी कपाट उघडून पाहावे.

जुन्या कॅमेऱ्याकडून काम कसे करून घ्यायचे?

मोड : ‘अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी’ ठेवून लेन्सचे तोंड पूर्ण उघडावे. फांदीवरच्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ नये. वेग कमी पडला तर आयएसओ ८०० पर्यंत बिनधास्त वाढवावा. थोडा रवाळ फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो सुधारता येत नाही.

फोकस : जुन्या डीएसएलआरमध्ये मधला फोकस बिंदू सर्वात भरवशाचा असतो. तो एकटाच निवडावा आणि पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. डोळा स्पष्ट असेल तर शेपटी धूसर असली तरी खपते.

प्रकाश : दयाळाच्या नराच्या पोटाचा पांढरा भाग उन्हात जळतो, कारण कॅमेरा उरलेल्या काळ्या रंगाकडे पाहून फोटो उजळ करतो. ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ एक पायरी खाली आणले की दोन्ही रंग टिकतात.

फाइल : शक्य असेल तर ‘रॉ’ मध्ये फोटो काढावा. डार्कटेबल, रॉथेरपी यांसारखी मोफत सॉफ्टवेअर संगणकावर जुन्या सेन्सरचा रवाळपणा बराच कमी करतात.

जागा : खिडकीचा पडदा अर्धा ओढून आत खुर्ची टाकावी. आरशाच्या ‘खटॅक’ आवाजाने पहिल्या दिवशी पक्षी उडेल. रोज त्याच जागी, त्याच वेळी बसले की तोही सरावतो.

कपाटातून काढण्याआधी काय तपासावे?

कोकणात जुन्या कॅमेऱ्याचा मोठा शत्रू वय नसून बुरशी आहे. पावसाळ्याचे चार महिने कापडी बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. टॉर्चचा उजेड लेन्सच्या एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने पाहिले की ते लगेच कळते. सुरुवातीची बुरशी दुरुस्ती करणारा कारागीर काढू शकतो. काचेवरचा थर खाल्ला गेला असेल तर खर्च करण्यात अर्थ नाही.

लेन्स स्वच्छ असेल तर ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. डब्यात आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र टाकले तर उत्तम. ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. सर्वात स्वस्त उपाय मात्र कॅमेरा वापरत राहणे हाच आहे. उजेड आणि हवा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी शटर किती वेळा पडले आहे, ते विचारावे. निकॉन डी९० चे शटर एक लाख, तर डी७००० चे दीड लाख वेळा चालेल अशी चाचणी कंपनीने केलेली आहे. निकॉनच्या डी३१०० सारख्या सुरुवातीच्या श्रेणीतील बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे मोटर असलेलीच लेन्स घ्यावी लागते. मेमरी कार्डही जपून निवडावे. डी९० च्या काळातले अनेक कॅमेरे ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे ओळखत नाहीत.

हे फक्त छंदापुरते आहे का?

इथे हा विषय कॅमेऱ्याच्या पुढे जातो. पनवेल तालुका वेगाने बदलतो आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमानतळाभोवतीचा मोठा ग्रामीण पट्टा सिडकोच्या ‘नैना’ प्रकल्पात आहे. पळस्पे ते इंदापूर हा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करण्याचे काम शिरढोणच्या दारातूनच गेले. घरे वाढतील, रस्ते वाढतील. त्यात परसातले उंबराचे झाड कोणत्या वर्षी गेले आणि त्यासोबत तांबट कधी येईनासा झाला, हे कोणत्याही सरकारी नोंदीत सापडणार नाही. अभयारण्याची मोजदाद होते, परसाची होत नाही.

ही नोंद सामान्य माणूस करू शकतो. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या ‘ई-बर्ड’ या मोफत व्यासपीठावर तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्ष्यांची संख्या नोंदवता येते, फोटोही जोडता येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने ९४२ जातींचा आढावा घेतला. तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातल्या असंख्य नोंदी हौशी लोकांच्या आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारत २०१३ पासून सहभागी आहे. त्यात किमान १५ मिनिटे पक्षी मोजले तरी पुरते.

फोटोचे महत्त्व याच टप्प्यावर कळते. हिवाळ्यात येणारे वटवटे एकमेकांसारखे दिसतात. पंखावरची एक फिकट रेघ किंवा भुवईची लांबी यावर ओळख ठरते. अनपेक्षित नोंद आली की ई-बर्डचे स्वयंसेवक तपासनीस पुरावा विचारतात. तेव्हा स्पर्धेत बक्षीस मिळवणारा फोटो लागत नाही. रेघ दिसेल इतका फोटो पुरतो आणि तो जुना डीएसएलआर देऊ शकतो.

घराजवळच्या निरीक्षणाची ताकद याच जिल्ह्याने पाहिली आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला, राहत्या घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांवर पावसाळाभर नजर ठेवली. नर एकामागून एक घरटी विणून वेगवेगळ्या माद्यांशी कसा जोडी जमवतो, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले. त्यासाठी त्यांना दूरच्या जंगलात जावे लागले नव्हते. रोज त्याच घरट्यांकडे पाहत राहण्याची चिकाटी मात्र लागली होती.

काय टाळावे?

पक्षी जवळ आणण्याचा चांगला मार्ग पाणी हा आहे. दोन-तीन सेंटिमीटर खोल मातीचे परळ, त्यात रोज बदललेले पाणी आणि शेजारी एक सुकी फांदी. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून ते दूर ठेवावे.

फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे मात्र टाळावे. विणीच्या काळात दयाळाचा नर तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजतो आणि पिलांना भरवायचे सोडून भांडायला येतो. घरट्याचे फोटो त्याहून वाईट. फोटोसाठी समोरची पाने बाजूला केली की कावळ्याला वाट मोकळी होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटे विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. स्वतःच्या परसातले घरटे असले तरी त्याला सूट नाही.

निष्कर्ष काय?

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. पाऊस थांबलेला असतो, पाहुणे पक्षी येऊ लागलेले असतात आणि सकाळचे ऊन जुन्या सेन्सरला झेपेल इतके असते. सुरुवात करायला याहून चांगला आठवडा नाही.

नवा कॅमेरा पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित आजच्यापेक्षा चांगला. परसातला पक्षी पुढच्या वर्षी तिथे असेलच, याची खात्री देता येत नाही. पनवेलच्या पट्ट्यात तर नाहीच. म्हणून पैसे साठेपर्यंत थांबण्यापेक्षा आज बॅटरी चार्ज करणे शहाणपणाचे. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ तेवढी आधी बरोबर करून घ्यावी. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास चुकलेली असते, आणि दहा वर्षांनी या फोटोंतली सर्वात मोलाची गोष्ट तीच ठरणार आहे.