साक्ष मराठीत, नोंद गुजरातीत

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. लूम्सच्या खात्यांत, डाइंगच्या मिलांत, बाजारात त्यांचा घाम आहे. त्यांच्या शेजारी गंजामचे ओडिया कारागीर आहेत, तेलुगू विणकर आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर आहेत. शहराने हे वास्तव एका ठिकाणी मोकळेपणाने मान्य केलं आहे: महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. पण याच शाळेत शिकलेल्या मुलाची आई उद्या फिर्यादी किंवा साक्षीदार म्हणून न्यायालयात उभी राहिली, तर तिचं म्हणणं न्यायाधीशांपर्यंत कुणी पोचवायचं, हे नियमाने नव्हे तर योगायोगाने ठरतं. सुरतच्या फौजदारी न्यायालयांना प्रशिक्षित, परीक्षा दिलेले आणि मानधन मिळणारे दुभाषी हवेत. ही भाषेच्या अस्मितेची मागणी नाही, पुराव्याच्या खरेपणाची आहे.

कायद्याला हा प्रश्न अनोळखी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१२ सांगतं, की साक्षीदार न्यायालयाच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत बोलला तर शक्यतो त्याच भाषेत नोंद घ्यावी. ते जमत नसेल तर साक्ष चालू असतानाच न्यायालयाच्या भाषेत तिचा खरा अनुवाद तयार करावा. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला भर न्यायालयात समजावून सांगावी, असं कलम ३१४ म्हणतं. दुभाष्यावर खरं भाषांतर करण्याचं बंधन आहे आणि १९६९च्या शपथ कायद्यानुसार त्यालाही शपथ घ्यावी लागते. मात्र हा दुभाषी कोण असावा, त्याचं ज्ञान कुणी तपासावं, त्याला पैसे किती द्यावेत, याबद्दल या कलमांत काही नाही. मग जो हाताशी असेल तो पुढे होतो: कोर्टाचा कर्मचारी, दुसऱ्या खटल्यासाठी आलेला मराठी वकील, पोलीस शिपाई, कधी नातेवाईक.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. वकील गुजरातीत विचारतात, कुणीतरी तो प्रश्न मराठीत सांगतो, बाई दहा वाक्यांत उत्तर देते, मध्यस्थ त्याचा दोन वाक्यांत सारांश करतो आणि न्यायाधीश तो आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात. साक्ष सहसा सलग निवेदनाच्या रूपात लिहिली जात असल्याने मूळ प्रश्न कागदावरून बहुधा नाहीसा होतो. ‘अंधार होता, तोंड दिसलं नाही, पण आवाज त्याचाच वाटला’ याचं ‘मी त्याला ओळखलं’ व्हायला एक घाईचा क्षण पुरतो. त्यात खानदेशी घरांची बोली अनेकदा अहिराणी असते. २०११च्या जनगणनेने अहिराणी जिच्यात येते ती खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आणि तिचे १८ लाखांवर भाषक नोंदवले. शाळेतली मराठी येणारा मध्यस्थ तिथेही अडखळतो, आणि अडखळल्याची नोंद कुठेच राहत नाही.

याची किंमत उलटतपासणीत मोजावी लागते. पोलिसांनी घेतलेला पहिला जबाब गुजरातीत लिहिलेला असतो, तोही मराठी बोलणं ऐकून. न्यायालयातली साक्ष पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तोंडून गुजरातीत येते. मग बचावाचे वकील दोन्ही कागद समोर धरून विसंगती दाखवतात. तो त्यांचा हक्कच आहे. पण फरक साक्षीदाराने केला की दोन अनोळखी मध्यस्थांनी, हे तपासायला साधनच नसतं. खरं बोलणारी बाई खोटी ठरू शकते, आणि तितक्याच सहजपणे निरपराध आरोपी अडकू शकतो. पुढे अपिलात उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, म्हणजे त्या नोंदीचा आणखी एक अनुवाद होतो. अपील ऐकणारे न्यायाधीश त्या बाईला कधी ऐकत नाहीत. त्यांच्यापुढे फक्त कागद असतो.

अमेरिकेने १९७८ साली न्यायालयीन दुभाष्यांचा स्वतंत्र कायदा केला आणि १९८०पासून तिथल्या संघीय न्यायालयांसाठी स्पॅनिश-इंग्रजी दुभाष्यांची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. बोलणं थांबल्यावर भाषांतर, बोलणं चालू असतानाच भाषांतर आणि समोरचा कागद वाचत तोंडी भाषांतर, असं तिन्ही त्यात तपासलं जातं. तो दुभाषी ‘ती म्हणते की तिने पाहिलं’ असं सांगत नाही. ‘मी पाहिलं’ असंच म्हणतो, सारांश करत नाही, सल्ला देत नाही. आपल्याकडेही अशी दृष्टी आहेच. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धतेची इंग्रजी कारणं पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून देणं अपुरं मानलं आणि त्या माणसाची सुटका केली. पॉक्सो कायद्याचं कलम ३८ तर मुलांच्या साक्षीसाठी दुभाष्याची पात्रता, अनुभव आणि शुल्क यांचा स्पष्ट उल्लेख करतं. जे बालकाला लागू, ते त्याच्या आईला का नको?

यावर म्हटलं जाईल, की सुरतच्या मराठी माणसाला गुजराती येतं. येतं, भाजी घेण्यापुरतं, मालकाशी हिशेब करण्यापुरतं. खुनाच्या खटल्यात दिवस, अंतर, हेतू आणि शंका यांबद्दल उलटतपासणी झेलायला ते पुरत नाही. आणि मागच्या वर्षी गावाहून आलेल्याला तेवढंही येत नाही. खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण प्रत्येक न्यायालयात कायम पद निर्माण करा असं कुणी म्हणत नाही. जिल्ह्यापुरती एक तपासलेली यादी आणि दिवसाप्रमाणे मानधन पुरेल. भाषांतराच्या गोंधळाने साक्षीदाराला पुन्हा बोलवावं लागलं किंवा खटला नव्याने चालला, तर खर्च त्याहून मोठा होतो. संगणकाने हे काम होईल हेही घाईचं बोलणं आहे. सर्वोच्च न्यायालयाचं ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर लेखी निकालांच्या अनुवादासाठी आहे. रडत, अडखळत, अहिराणीत दिलेल्या साक्षीसाठी नाही.

१ मे १९६०पर्यंत सुरत द्विभाषिक मुंबई राज्यातच होतं. अनेक भाषांत न्याय चालवण्याची सवय या प्रदेशाला नवी नाही. गुजरात उच्च न्यायालयाने मराठी-अहिराणी, ओडिया, तेलुगू आणि भोजपुरीसाठी दुभाष्यांच्या पात्रतेचे नियम करावेत आणि भाषांतरित साक्षीचं मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. तोवर सुरतच्या मराठी वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं: कलम ३१३नुसार तुमची साक्ष तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत लिहिली असेल, तर ती तुमच्या भाषेत समजावून सांगणं बंधनकारक आहे. ते झाल्याशिवाय सही करू नका.