अभ्यासाचा राग कोणता?

गेल्या वर्षी ज्येष्ठ सरता सरता चऱ्होलीत एका परिचितांकडे जाण्याचा योग आला. माउलींची पालखी आळंदीहून पुढे गेली होती आणि इंद्रायणीकाठी पावसाने चांगला जम धरला होता. गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात तिसरी पाळी करून आले होते व आतल्या खोलीत झोपले होते. मुलगा यंदा दहावीला. त्याच्या टेबलावर मोबाइल ठेवलेला आणि त्यातून सतारीचे सूर व पाण्याचा खळखळाट असे काही मिश्रण अखंड वाहत होते. "काका, तुम्ही गाण्यातले जाणकार. अभ्यासाला कोणता राग लावावा? यात तर स्मरणशक्तीचा राग असे लिहिले आहे," असे त्या माउलीने विचारले. मुलगा मान वर न करता म्हणाला, "ते लागलं की माझं लक्ष गाण्याकडेच जातं."

मला त्या मुलाचे म्हणणे अधिक शास्त्रीय वाटले.

संगीताने बुद्धी वाढते, या समजुतीचा उगम आपल्याकडचा नाही. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतील एका प्रयोगाचा छोटासा वृत्तांत आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठीची रचना ऐकवली गेली. आकृत्या मनातल्या मनात घडी घालून ओळखण्याची कोडी त्यानंतर त्यांनी थोडी बरी सोडवली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. परंतु वर्तमानपत्रांनी 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' असा त्याचा अर्थ लावला. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला अशा संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी सरकारी निधी मागितला! पुढच्याच वर्षी, अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर, तो परिणाम नगण्य असल्याचे त्याच नियतकालिकात छापून आले. २००१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी असे दाखवले, की जो काही फरक पडतो तो मन प्रसन्न व तरतरीत झाल्यामुळे पडतो. त्यात मोझार्टची काही खास करामत नाही.

पश्चिमेने ज्याचा फुगा स्वतःच फोडला, तोच फुगा आपण मोझार्टचे नाव खोडून त्यावर एखाद्या रागाचे नाव लिहून पुन्हा फुगवत आहोत. याला स्वाभिमान म्हणायचे काय? आपल्या संगीताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी त्याला च्यवनप्राशाच्या बरणीत भरू नये. राग हा गुण वाढवण्याचा काढा नव्हे.

व्यवहाराचे म्हणाल, तर वाचन आणि पाठांतर करताना कानावर शब्द पडत असतील तर ते बाधकच ठरतात, हे प्रयोगांनीही दाखवले आहे. ख्यालातील बंदिशीचे शब्द अस्पष्ट लागले तरी शब्दच ते. वाद्यसंगीत त्या मानाने कमी त्रासदायक, पण जलद झाल्याची लय मनाला ओढून नेतेच. नकाशा रंगवणे, प्रयोगवहीतील आकृत्या काढणे, अशा हाताच्या कामाला मंद आलापीची बासरी चालेल. गणिताला आणि इतिहासाला शांतता हवी. शेजारी भिशीचा गलका किंवा डोक्यावरून लोहगावकडे उतरणारे विमान असेल, तर नुसता तानपुरा हळू लावावा. त्याचा अखंड नाद बाहेरचे आवाज झाकतो आणि स्वतः काही मागत नाही. संगीताची खरी जागा अभ्यासाला बसण्याआधीच्या पंधरा मिनिटांत आणि उठल्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे.

आणि तिथे मात्र निवड करावी, रसिकतेने करावी. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागसमयाची जी संगती लावून दिली ती यासाठी फार उपयोगी आहे. कोमल ऋषभ-धैवताचे भैरव, पूरिया धनाश्रीसारखे राग उजाडताना आणि दिवेलागणीला, संधिप्रकाशात. शुद्ध मध्यमाचा कल सकाळकडे, तीव्र मध्यमाचा सायंकाळकडे. हा नियम म्हणजे निसर्गाचा कायदा आहे, असा माझा दावा नाही. दाक्षिणात्य संगीतात मैफलीतला राग घड्याळाला असा बांधलेला नसतो आणि ते संगीत काही उणे नाही. आपल्याकडेही भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि भूपाळ्या मात्र पहाटे! पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने त्या सुरांना वेळेचा गंध लागला आहे. तिसऱ्या पाळीहून उजाडताना परतणाऱ्या माणसाचा प्रहर कोणता, याचे उत्तर भातखंड्यांच्या ग्रंथात नाही. त्याने घरी येऊन मालकंस ऐकला तर कोणी हरकत घेऊ नये.

ऋतूंचे नाते अधिक घट्ट आहे. मल्हाराचे प्रकार वर्षाकाळात आणि बसंत, बहार वसंतात कोणत्याही वेळी गाता येतात; ऋतू आला की घड्याळ बाजूला होते. मियाँ मल्हारात आंदोलित कोमल गंधार आणि पाठोपाठ येणारे दोन निषाद, तेही मंद्र सप्तकात, असे भरून आलेल्या आभाळासारखे लागतात. गौड मल्हार त्या मानाने मोकळा, सरी अंगावर घेणारा. कुमार गंधर्वांनी तर 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे ऋतूंचे स्वतंत्र कार्यक्रमच बांधले, रागांच्या जोडीला माळव्यातील लोकगीते घेऊन. इंद्रायणीकाठच्या गावांना हे शिकवायला नको. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या थंडीत चालणारी काकड आरती हे ऋतुसंगीत नाही तर काय? नव्या इमारतींतील मुलांना तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. तोही खिडक्या बंद नसतील तर.

मला खरी चिंता इथे वाटते. मोबाइलमध्ये सगळे राग सर्वकाळ उपलब्ध झाले आणि वाट पाहणे संपले. दुसरीकडे प्रत्यक्ष मैफलीतून रात्रच निघून गेली. पुण्यात १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले. भीमसेनजींचे गाणे ऐकून लोक उजाडता घरी परतत. ध्वनिक्षेपकावर रात्री दहानंतर निर्बंध आले. ते योग्यही असतील, आजारी माणसे आणि परीक्षार्थी मुले कोणाच्या घरी नसतात? पण त्यापायी मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित आपापल्या वेळी समोर बसून ऐकण्याची संधी दुर्मीळ झाली. ती वेळ राखायची जागा आता घरच उरली आहे.

असो. त्या दिवशी सायंकाळी गृहस्थ उठून चहाला बसले. मोबाइलवरचा पाण्याचा खळखळाट मी बंद करवला होता. बाहेर खरा पाऊस होताच. मुलाच्या खोलीचे दार दोन तास लोटलेले होते. आम्ही भीमसेनजींचा मियाँ मल्हार लावला, अगदी हळू. थोड्या वेळाने गणिताची वही हातात घेऊनच तो बाहेर आला आणि वडिलांच्या शेजारी बसून म्हणाला, "हे कोण गातंय?"