ऊसदराच्या संगनमतावर लक्ष कोणी ठेवायचे?



हंगाम तोंडावर आला की जिल्ह्यातले कारखानदार एकत्र बसतात आणि पहिली उचल ठरवतात. आंदोलन पेटले तर चार पैसे वाढतात, तेही सगळ्यांचे सारखेच. व्यापाऱ्यांनी असे केले असते तर आपण त्याला सरळ संगनमत म्हटले असते. एफआरपी हा कायद्याने किमान दर. आमच्याकडे तोच कमाल होऊन बसतो.

पटत नसेल तर दुसरीकडे ऊस घाला, असे सांगणे सोपे आहे. पण दुसरा कारखाना आहे कुठे? ठरलेल्याच कारखान्याला ऊस घालायला लावणारी झोनबंदी १९९७ साली उठली खरी, पण अंतराची अट राहिली. केंद्राच्या आदेशात दोन कारखान्यांत १५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, ती आपल्या राज्याने २५ वर नेली; मग जवळ दुसरा कारखाना उभा राहणार कसा? साखर उद्योगावरील रंगराजन समितीने २०१२ मध्ये अंतराची अटच काढायला सांगितले होते. तोडलेला ऊस थांबत नाही. वजन घटते, उतारा पडतो आणि लांबचा चढा दर वाहतुकीतच जिरतो.

साखर आयुक्त थकबाकीदार कारखान्यांवर जप्तीच्या नोटिसा काढतात, हे मान्य. पण धोरण ठरते मंत्रालयात, आणि तिथे बसणारे अनेकजण स्वतः कारखान्यांचे सूत्रधार असतात. एफआरपीचे तुकडे पाडून ती हप्त्यांत द्यायची मुभा देणारा २०२२ चा शासन निर्णय असाच आला. तो रद्द करायला मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालय लागले. २०२३ मध्ये तर परराज्यात ऊस नेण्यावरच बंदी घातली गेली. शेतकरी खवळले तेव्हा ती मागे घेतली.

अंतराची अट गेली तर सहकारी कारखाने बुडतील, ही भीती मला खोटी वाटत नाही. प्रवरेच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जी सहकारी कारखानदारी उभी केली, ती टिकावी असे मलाही मनापासून वाटते. मात्र कितीतरी कारखाने या संरक्षणातच बुडाले आणि लिलावात गेले.

२००२ च्या स्पर्धा कायद्यातून सहकारी संस्था सुटलेल्या नाहीत. तेव्हा स्पर्धा आयोगाने उचल ठरवणाऱ्या बैठकांची स्वतःहून चौकशी करावी आणि राज्य सरकारने या हंगामाआधी २५ किलोमीटरची अट रद्द करावी, अशी माझी मागणी आहे.

– एक ऊस उत्पादक सभासद, जि. कोल्हापूर