शेतकऱ्याच्या पंगतीला

डिसेंबर उजाडला आणि मुलांच्या नाताळच्या सुट्टीच्या तारखा कळल्या, की बंगळुरूतील संसारी माणसापुढे नेहमीचा प्रश्न उभा राहतो : जावयाचे कोठे? म्हैसूर पाहून झाले, उटीला तर गर्दीच पाहावयाची असते. वाचकहो, या खेपेस एक निराळी सूचना करावीशी वाटते. शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, मागडी, दोड्डबळ्ळापूर किंवा रामनगरच्या बाजूस, ज्यांचे पोट खरोखरीच शेतीवर आहे अशा एखाद्या घरी दोन रात्री मुक्काम करावा आणि त्या घरी जे शिजेल ते जेवावे.

ही प्रथा इटलीत चांगली रुजली आहे. शेतीवर भागेना म्हणून खेडी ओस पडू लागली, तेव्हा शेतकऱ्याने आपल्याच घरी पाहुणे ठेवावेत आणि आपल्याच मळ्यातील अन्न त्यांना वाढावे, यासाठी तेथे १९८५ साली स्वतंत्र कायदा झाला व २००६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याचे मर्म असे, की शेती हाच मुख्य व्यवसाय राहावयास हवा; पाहुणचार हा जोडधंदा. आपल्या महाराष्ट्रानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले.

बंगळुरूभोवती मात्र ‘फार्महाउस’ या पाटीखाली पुष्कळ प्रकार चालतात. पोहण्याचा तलाव असतो, हिरवळ असते, स्वयंपाकी पगारी असतो आणि धान्य शहरातल्याच दुकानातून आलेले असते. तेथे जाण्यात पाप नाही. पण ते शेतघर नव्हे. जागा ठरविण्यापूर्वी एवढेच विचारावे : यंदा रानात काय पेरले होते? उत्तर चटकन आले, तर खुशाल निघावे.

बहुतेक ठिकाणी ते उत्तर ‘रागी’ असे येईल. रागी म्हणजे आपली नाचणी. या भागातील कोरडवाहू शेतकरी तिच्या ओळींमध्ये अवरे, म्हणजे पावट्याची एखादी ओळ घालतो. मोहरी, एरंडीही त्याच शेतात शिरतात. पाऊस दगा देईल तेव्हा एक ना एक पीक हाती लागावे हा हेतू. शिवाय पावट्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीचा कस टिकतो. गंमत अशी, की शेतात शेजारी उभी असलेली ही जोडी ताटातही शेजारीच येते : मुद्दे आणि अवऱ्याचे सारू.

मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा उंडा. उकळत्या पाण्याच्या मध्यभागी पिठाची रास सोडून ती न ढवळता शिजू द्यावयाची आणि मग लाकडी दांड्याने इतकी घोटावयाची, की गाठ म्हणून राहू नये. हे मनगटाचे काम आहे. पाहुण्यांपैकी एखाद्या धट्ट्याकट्ट्या पुरुषाने करून पाहावे. मुद्दे चावावयाचे नसते. तुकडा तोडून, सारात बुडवून तो गिळावयाचा. मुले हे कसब मोठ्यांहून लवकर उचलतात.

हिवाळ्यात पावट्याचे दाणे भिजत घालून, एकेक दाणा चिमटीत दाबून सोलतात. यास ‘हितकिदबेळे’ म्हणतात. वालाचे बिरडे करणाऱ्या कोकणी गृहिणीला हे सांगावयास नकोच. ‘बस्सारू’ चाखताना तर आपली कटाची आमटी आठवल्यावाचून राहत नाही : पालेभाजी व कडधान्य शिजवून निथळलेल्या पाण्याचेच ते सारू.

नाचणीला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडणारे पूर्वीही होते. सोळाव्या शतकातील कनकदासांनी ‘रामधान्यचरिते’ या काव्यात तांदूळ व नाचणी यांचा वाद श्रीरामापुढे नेला आहे. दोघांना सहा महिने कोंडून ठेवल्यावर तांदूळ नासला, नाचणी जशीच्या तशी राहिली आणि मान तिला मिळाला. पेवात वर्षानुवर्षे टिकणारे हे धान्य दुष्काळात गावे जगवी. आहारशास्त्रही कनकदासांच्याच बाजूचे आहे : १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा भागही नसतो.

आता थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. चार पाहुणे वाढले, की त्या घरातील बाई पहाटे तासभर आधी उठते. दाणे सोलणे, पीठ घोटणे, चूल सांभाळणे तिच्याच वाट्याला येते. पैशांचा व्यवहार मात्र पुष्कळदा घरातील पुरुषाशी होतो. जेवणाचे पैसे निराळे ठरवून ते तिच्याच हाती द्यावेत. पनीर, नान यांची फर्माईश करू नये. त्यासाठी तिला तालुक्याला माणूस धाडावा लागतो. पाणी विंधनविहिरीचे असते, हे स्नानाच्या वेळी ध्यानात असू द्यावे. या पट्ट्यात कालपर्यंत नाचणी पिकत होती त्या शेतांत आज प्लॉटांचे दगड रोवलेले दिसतात. जमीन विकावी की राखावी या विचारात असलेल्या घराला पाहुण्यांकडून येणारी रक्कम लहान वाटत नाही.

मुलांना चार कन्नड शब्द शिकवून न्यावेत. ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवण झाले का, हेच तेथील कुशलप्रश्न. ‘साकु’ म्हणजे पुरे. तो वेळेवर न उच्चारल्यास दुसरे मुद्दे पानात पडलेच म्हणून समजावे. म्हाताऱ्या बाईंना ‘अज्जी’ म्हणावे.

निघताना घरच्या नाचणीचे पीठ विकत घ्यावे, भेट म्हणून फुकट घेऊ नये. ते बारीक दळलेले आहे ना, एवढे पाहावे; जाड पिठाचे मुद्दे नवशिक्या हाताला साधत नाही.